सीतेची वेणी घरी लावताना: रोप आणण्याआधीपासून फुलं येईपर्यंतचा क्रम

सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड, सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या आणि ऐनाच्या खोडावर कुणी निगा न राखता वाढते. तीच घरी आणली की वर्षभरात खालची पानं गळतात, मुळं काळी पडतात आणि एक दिवस शेंडा अलगद हातात येतो. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. रोप चुकीच्या महिन्यात आधाराला बांधलेलं असतं, मुळं ओल्या मिश्रणात पुरलेली असतात, किंवा जागा अंधारी असते. खत, औषध, जातिवंत रोप या गोष्टी त्यानंतर येतात.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की रोप घरात येण्याआधी निम्मं काम उरकलेलं असेल. टप्प्यांची अदलाबदल करू नका. विशेषतः ‘आधी रोप घेऊ, जागा मग बघू’ हे टाळा.

सुरुवातीला: मुळाचं टोक वाचायला शिका

या झाडाला कंद नाही. पाणी साठवून ठेवायला जाड पानं आणि बोटाएवढी जाड मुळं, एवढंच भांडवल. मुळावर स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असताना ते चांदीसारखं पांढुरकं दिसतं, पाणी लागलं की हिरवं होतं. एका मुळावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब पडेल तिथे हिरवा डाग उमटतो, कडेने पसरतो आणि मधे बारीक पांढऱ्या रेघा तशाच राहतात. त्या रेघांना रोग समजू नका, त्या जागा पाणी पीत नाहीत.

आता मुळाचं अगदी टोक बघा. तिथे चकचकीत हिरवा किंवा तांबूस भाग दिसत असेल तर मूळ वाढतंय. टोकापर्यंत पांढुरकं आवरण चढलेलं असेल तर मूळ झोपलंय. कधी बांधायचं, कधी खत द्यायचं आणि कधी पाणी तोडायचं, हे सगळं या टोकावरून ठरतं. कॅलेंडर दुय्यम.

दुसरी गोष्ट, हे झाड एकाच शेंड्याने वर वाढतं. शेंडा कुजला तर झाड उंच होणं थांबतं. बुंध्याजवळून बाजूचा फुटवा आला तर नशीब.

टप्पा १: जागा ठरवा

जागेत दोन गोष्टी हव्यात: भरपूर उजेड आणि वाहती हवा. घरातला टीव्हीचा कोपरा, जिन्याखालची जागा, बंद काचेची गॅलरी यांचा विचारही नको.

उजेडाचं माप सांगायचं तर २०,००० ते ३५,००० लक्स. उन्हाळ्यात दुपारचं थेट ऊन सुमारे १ लाख लक्स असतं, त्यामुळे उघड्या गच्चीवर ७५ टक्क्यांची शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, लागतेच. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात, अंदाजाला पुरेशी आहेत. ॲप नको असेल तर जिथे रोप टांगायचं तिथे सकाळी दहाच्या सुमारास कागद धरा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा अस्पष्ट पण बोटं वेगवेगळी ओळखू येत असतील तर जागा चालेल. सावली दिसतच नसेल तर झाड जगेल, फुलणार नाही. कडा कापल्यासारख्या स्पष्ट असतील तर वर जाळी हवी.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी: सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास, मग सावली. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी जाळी लावावीच लागेल. दक्षिणेची चालते, कारण हिवाळ्यात ऊन आत येतं आणि तेव्हा ते झाडाला हवंच असतं. फक्त उत्तरेची गॅलरी असेल आणि समोर इमारत असेल, तर हे झाड सोडा आणि कमी उजेडात जगणारं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणा. हट्ट करून उपयोग नाही.

हवेसाठी वेगळं यंत्र लागत नाही. रोप भिंतीला चिकटवून न ठेवता चारही बाजूंनी मोकळं टांगलं की काम होतं. पावसाळ्यात मात्र हवा पडून राहणाऱ्या जागी लहान पंखा लावणाऱ्यांची झाडं वाचतात, हे पाहिलेलं आहे.

तपासा: ठरवलेल्या जागी सकाळी ओला रुमाल टांगा. उन्हाळ्या-हिवाळ्यात तो दुपारपर्यंत वाळायला हवा. संध्याकाळी दमटच असेल तर मुळंही दमट राहणार.

टप्पा २: पाणी तपासा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात, तेही मुळांची टोकं जळल्यावर. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. २०० पीपीएमच्या आत असलेलं पाणी बिनधास्त वापरा. ५०० च्या वर गेलेलं बोअरचं पाणी रोज मारलं तर मुळांवर पांढरा थर चढतो, टोकं तपकिरी होतात आणि नवीन मूळ बोटभर वाढून थांबतं. मग लोक खत वाढवतात, म्हणजे क्षार आणखी वाढतात.

पावसाचं पाणी उत्तम. साठवायची सोय नसेल तर घरातल्या आरओचं शुद्ध पाणी निम्मं आणि बोअरचं निम्मं असं मिसळून आकडा खाली आणा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची फार चिंता करायला नको, खरा त्रास क्षारांचा असतो.

सावधान: पाणी मऊ करणारं सॉफ्टनर यंत्र बसवलेलं असेल तर ते पाणी वापरू नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणीही नको, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

टप्पा ३: आधार निवडा आणि तयार करा

तीन पर्याय आहेत. माझा कौल मोठ्या झाडाच्या खोडाला, तो नसेल तर लाकडी ओंडक्याला आणि सगळ्यात शेवटी टोपलीला. कुंडी या यादीत नाही.

*जिवंत झाड.* साल खडबडीत आणि न सुटणारी हवी. आंबा, फणस, ऐन, चिंच चालतात. पेरू, निलगिरी आणि अर्जुन नको. यांची साल दरवर्षी सुटून पडते आणि तिच्याबरोबर तुमचं रोपही. दाट आंब्याच्या आतल्या बाजूला अंधार असतो, म्हणून रोप बाहेरच्या, उजेड येणाऱ्या बाजूला न्या. पानझडी झाड असेल तर उत्तमच, पावसाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन आपोआप मिळतं. उंची डोळ्यांच्या रेषेत ठेवा, म्हणजे रोज नजर पडते. पाऊस तिरका झोडपतो ती बाजू टाळा, कोकणात आणि घाटमाथ्यावर ही सहसा नैऋत्येची असते.

*ओंडका.* मनगटापेक्षा जाड, साल घट्ट असलेला, पूर्ण वाळलेला. आंब्याचा किंवा सागाचा घ्या. पोकळ किंवा भुसभुशीत ओंडका दोन पावसाळ्यांत विरघळतो आणि झाड पुन्हा उपटावं लागतं. हे झाड नेमकं त्यालाच रुसतं. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, घासून धुवा, उन्हात वाळवा. टांगायची तार आत्ताच बसवा. रोप बांधल्यावर भोक पाडायला गेलात तर मुळं मोडतील.

*टोपली.* सागाच्या पट्ट्यांची किंवा मोठ्या फटींची प्लास्टिकची, १५ सेंटीमीटरच्या आसपास. रोप मोठं दिसलं म्हणून मोठी टोपली घेऊ नका. आत भरायचंच असेल तर ३ ते ५ सेंटीमीटरचे लाकडी कोळशाचे मोजके तुकडे, तेही फक्त रोप डुगडुगू नये म्हणून. कोळसा आदल्या दिवशी भिजवून, पाणी काळं येणं थांबेपर्यंत धुवून घ्या. शेगडीसाठी दाबून बनवलेल्या विटा वापरू नका, त्यात चिकटवण्याची द्रव्यं असतात.

कोकोपीट, माती, शेणखत आणि बारीक साल यांना इथे जागा नाही. ‘ऑर्किड मिक्स’ म्हणून पिशवीतून जे मिळतं, त्यावर काहीही छापलेलं असो, या झाडाला ते लागत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत ओंडक्याला बांधणार असाल तर मुळांखाली नारळाच्या काथ्याचा पातळ थर चालेल. काथ्या तीन-चार वेळा पाणी बदलून भिजवा, त्यात मीठ असतं. कोकणात हा थरही नको.

टप्पा ४: रोप निवडा

फुललेलं रोप बघून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. फुलं बघा, पण पैसे मुळांसाठी द्या. निदान चार-पाच कडक मुळं हवीत. मूळ दोन बोटांत हलकं दाबा. भरीव लागलं तर जिवंत, चपटं होऊन आत दोरा लागला तर मेलेलं. पानं वीतभर किंवा जास्त लांब, जाड, मधे खोलगट असतात. बुंध्याकडची एक-दोन पिवळी असली तरी चालेल. शेंड्यातलं कोवळं पान मात्र डागविरहित आणि घट्ट हवं. बोटाने हलवून बघा, सैल लागलं तर रोप परत ठेवा.

प्रयोगशाळेतल्या बाटलीतून काढलेली चिमुकली रोपं स्वस्त मिळतात. पहिलंच झाड असेल तर ती नको, फुलायला कित्येक वर्षं लागतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी जातात. घरी बी पेरून रोप करण्याचा नादही नको. ऑर्किडच्या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. त्यांना रुजायला ठरावीक बुरशीची साथ लागते, नाहीतर प्रयोगशाळेतलं माध्यम.

सावधान: जंगलातून उपटलेलं रोप घेऊ नका, रस्त्याकडेला गोणपाटावर मांडलेलं तर अजिबात नाही. वनक्षेत्रातली रोपं वनोपज ठरतात आणि परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे, मग ती वादळात पडलेल्या फांदीवरची का असेनात. शिवाय ऑर्किडचं अख्खं कूळ साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टांत आहे, त्यामुळे सीमेपलीकडून कागदपत्रांशिवाय रोप आणता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब वाईटच आहे. अशा रोपांची मुळं सालीवरून खरवडून काढलेली असतात, त्यामुळे ती क्वचितच सावरतात. ओळखायची खूण म्हणजे तुटकी, फक्त चपटी राहिलेली मुळं आणि त्यांना चिकटलेले सालीचे तुकडे.

घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसतात का बघा. तेवढ्या काळात रोप नव्या हवेला सरावतं आणि तुम्हाला त्याचं मुळाचं टोक वाचता येतं.

टप्पा ५: बांधणी कधी?

फुलं ओसरली, वळवाचे किंवा पहिले मोसमी पाऊस झाले आणि मुळांना हिरवी टोकं फुटायला लागली, की बांधा. महाराष्ट्रात हे साधारण जून ते जुलैमध्ये जुळून येतं. टोक अर्धा-एक सेंटीमीटर असतानाच बांधणं सोयीचं. चार-पाच सेंटीमीटर झालं की हात लागताच कट्कन मोडतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मे महिन्यात फुललेलं रोप आणलं आणि त्याच रविवारी नव्या टोपलीत घातलं. झाडाने साठा फुलांत घातलेला, मुळं मोडलेली आणि वर उन्हाळा. दुसरी चूक हिवाळ्यात बांधण्याची. तेव्हा नवीन मूळ फुटत नाही, झाड दोरीवर लोंबकळत राहतं आणि मार्चपर्यंत सुरकुततं.

आणलेलं रोप ओल्या, कुजक्या मिश्रणात असेल तर मात्र महिना बघू नका. मिश्रण लगेच काढा, मुळं धुवा, रोप रिकाम्या टोपलीत नुसतं ठेवा. पक्की बांधणी योग्य वेळ आल्यावर करा.

टप्पा ६: बांधणी

हाताशी ठेवा: धार असलेली कात्री, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट, पाण्याची बादली, जुन्या नायलॉन मोज्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या.

१. मुळं २० ते ३० मिनिटं साध्या पाण्यात बुडवा. भिजलेलं मूळ लवचिक होतं, कोरडं मोडतं. शेंडा पाण्याच्या वर राहू द्या.

२. जुनी टोपली मुळांना चिकटली असेल तर ओढू नका. लाकडी पट्ट्या कापा किंवा अख्खी टोपलीच नव्या आधाराला बांधून टाका. दुसरा उपाय ओबडधोबड दिसतो, पण झाडाला तो पहिल्यापेक्षा मानवतो.

३. कात्री स्पिरिटने पुसा. पोकळ, काळी, गिळगिळीत मुळं निरोगी भागापर्यंत कापा. नुसती जुनी आणि मळकी दिसतात म्हणून कापू नका. दर रोपाला कात्री पुन्हा पुसा, रोग रसातून पसरतात.

४. कापलेलं टोक तासभर सावलीत वाळू द्या. दालचिनीची पूड वापरायची तर फक्त काप दिलेल्या जागी, चिमूटभर. सगळ्या मुळांवर भुरभुरलीत तर ती मुळांतलं पाणी शोषते.

५. रोप आधारावर टेकवा. शेंडा आभाळाकडे ताठ नको. तो बाहेर आणि किंचित खाली झुकलेला हवा, म्हणजे पावसाचं पाणी पानांच्या बेचक्यात न साचता गळून जाईल. जंगलातही झाड असंच कललेलं असतं.

६. मुळं बोटांनी पसरून खोडावर लांबवा. जी सहज वळत नाहीत ती हवेत राहू द्या. जबरदस्ती केली की आवाज येतोच.

७. पहिली पट्टी बुंध्यावर, सगळ्यात खालच्या पानाच्या जरा खाली. दुसरी मुळांच्या जाड भागावर. मुळांची टोकं पट्टीखाली येता कामा नयेत. बारीक नायलॉन दोरा किंवा मासेमारीची तंगूस मुळात रुतते आणि ज्यूटची सुतळी एका पावसाळ्यात कुजते, म्हणून रुंद पट्टीच घ्या.

८. रोपाला चिमटीत धरून हलवा. आधारासकट हललं तर ठीक. आधार स्थिर आणि रोप डुगडुगतंय असं असेल तर सोडून पुन्हा बांधा. वाऱ्यावर हलणाऱ्या रोपाची कोवळी टोकं सालीवर घासून मरतात. पकड कधी बसतच नाही.

सावधान: तांब्याची तार कुठेही नको. तांबं ऑर्किडच्या मुळांना विषारी असतं. टांगायला स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिक चढवलेली तार घ्या.

टप्पा ७: पहिले सहा आठवडे

मुळं कापली असतील तर तीन-चार दिवस पाणी नाही. बाहेर धो-धो पाऊस असेल तर तेवढे दिवस छपराखाली ठेवा. मग रोज सकाळी नुसतं पाणी. खत नाही, ‘मूळ फुटायचं’ संजीवकही नाही. उजेड नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि दोन आठवड्यांत रोप हळूहळू ठरवलेल्या जागी आणा.

एखादं खालचं पान या काळात पिवळं पडतं. पडू द्या. ओढून काढू नका, वाळून आपोआप सुटेल.

तपासा: सहा आठवड्यांत एक तरी नवं हिरवं टोक आधाराला टेकलेलं दिसायला हवं. दिसलं की बांधणी लागली. पट्ट्या मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशाच ठेवा. टोक दिसलं नाही आणि पानांवर उभ्या सुरकुत्या खोल होत असतील तर उजेड कमी करा, पाणी सकाळ-दुपार असं दोनदा करा. जागा बदलू नका आणि बांधणी उसकटू नका.

टप्पा ८: रोजचं पाणी

नियम एका वाक्यात: मुळं रोज पूर्ण भिजली पाहिजेत आणि रोज पूर्ण वाळली पाहिजेत. लोक यातला पहिला भाग अर्धा करतात आणि दुसरा विसरतात.

स्प्रेच्या बाटलीने दोन फवारे मारणं म्हणजे पाणी देणं नव्हे. झारीने किंवा पाइपच्या बारीक धारेने सगळी मुळं हिरवी होईपर्यंत पाणी घाला. पाच-दहा मिनिटं थांबा. आवरण फुगू द्या. मग पुन्हा एकदा घाला. पहिल्या फेरीत बरंचसं पाणी ओघळून जातं, मूळ खरं पितं ते दुसऱ्या फेरीत. चार-पाच तासांनी बघायला या: मुळं पुन्हा पांढुरकी झालेली असली पाहिजेत.

उन्हाळ्यात, मार्च ते मे: रोज सकाळी. कोरड्या हवेत दुपारी चारच्या आधी आणखी एकदा. ऐन दुपारी तापलेल्या टाकीचं गरम पाणी नको.

पावसाळ्यात: उघड्यावर खोडाला बांधलेल्या झाडाला काहीच करायचं नाही. आठवडाभर झड लागली तरी ते सांभाळून घेतं, कारण मुळांभोवती हवा असते. टोपलीत कोळसा भरलेला असेल तर सलग पावसात छपराखाली घ्या आणि मुळं वाळली तरच पाणी द्या. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की मात्र पाणी सुरू. ऑगस्टमधल्या चार-पाच कोरड्या दिवसांत झाड विसरलं जातं.

हिवाळ्यात: टप्पा १० बघा, तिथे नियमच बदलतो.

सावधान: संध्याकाळी पाणी नको. शेंड्याच्या बेचक्यात साचलेलं पाणी रात्रभर राहिलं की कुजायला सुरुवात होते. चुकून साचलंच तर कागदी रुमालाची गुंडाळी आत घालून टिपून घ्या.

टप्पा ९: खत

हिरवी टोकं दिसत असतील तरच. १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पाकिटावर याच्या कितीतरी पट प्रमाण छापलेलं असतं, ते शेतातल्या पिकांसाठी. आधी साध्या पाण्याने मुळं हिरवी करून घ्या, मग खताचं पाणी द्या. कोरड्या मुळावर खत थेट टाकलं तर टोकं करपतात. महिन्यातून एकदा खत वगळून भरपूर साध्या पाण्याने मुळं धुवा.

पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम नसतं. अशा वेळी दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला १९:१९:१९ ऐवजी कॅल्शियम नायट्रेट द्या, तेही लिटरला अर्धा ग्रॅम. दोन्ही एका बादलीत मिसळू नका, साका तळाशी बसतो.

शेणपाणी, जीवामृत, ताक, तांदळाचं धुवण वगैरे मातीतल्या झाडांना घाला. इथे ते पचवायला माती नाही. मुळांवर थर चढतो आणि आवरणाची छिद्रं बुजतात.

टप्पा १०: हिवाळ्याची विश्रांती

फुलं न येण्यामागे उजेडानंतरचं दुसरं कारण म्हणजे वर्षभर सारखंच लाड करणं. नोव्हेंबरपासून मुळांची टोकं पांढुरकी होत जातात. तेव्हा खत बंद. पाणी दोन-तीन दिवसांआड, तेही उन्ह चढल्यावर. पानं किंचित आत वळली, बारीक सुरकुत्या आल्या तरी घाबरू नका. सुरकुत्या खोल होऊन पानं लुळी पडली तर मात्र एक दिवस भरपूर पाणी द्या.

उजेड या काळात वाढवायचा. जाळी लावली असेल तर सकाळपुरती सरकवा. रात्रीचा गारवा हवाच, म्हणून घरात घेऊ नका. पारा १० अंशांच्या खाली जात असेल तेवढ्या रात्री आडोशाला ठेवा.

तपासा: या काळात पानाचा रंग बघा. गर्द हिरवं, मऊ, लांबत चाललेलं पान म्हणजे उजेड अपुरा. फिकट पोपटी, क्वचित जांभळट ठिपक्यांचं कडक पान म्हणजे योग्य. पिवळट पडून पाठीवर हात लावला तर गरम लागत असेल तर ऊन जास्त. पांढरट होऊन मग काळपट झालेला चट्टा म्हणजे उन्हाने भाजलेलं आहे. तो भाग सुधारत नाही, पण कोरडा असेल तर कापायचीही गरज नाही.

टप्पा ११: फुलांचा दांडा

साधारण मार्चपासून पानाच्या बगलेतून काहीतरी डोकावतं. मूळ आणि दांडा यांत गल्लत होते. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत. दांड्याचं टोक जरा चपटं आणि एकावर एक खवल्यांनी झाकलेलं. शंका असेल तर आठवडाभर थांबा, टोकरून बघू नका.

दांडा दिसला की पाणी हळूहळू रोजच्यावर आणा आणि झाडाचं तोंड फिरवू नका. टोपली दर दोन दिवसांनी फिरवली तर कळ्या उजेडाकडे वळता वळता घोस पिळवटतो. खालच्या बाजूला वावभर नाही, पण दोन फूट तरी मोकळी जागा ठेवा. दांडा लोंबता असतो, चांगल्या झाडाचा ६० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि त्यावर शंभराच्या वर फुलं लागतात. काठी लावून तो उभा करायचा नाही.

कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर आधी फुलकिडे बघा: कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक हलणाऱ्या रेघा दिसतील. त्या नसतील तर गरम कोरडा वारा किंवा चुकलेलं पाणी. फुलांवर पाणी मारू नका, डाग पडतात. बहर दोन-तीन आठवडे टिकतो. नंतर शेंगा धरल्या तर एखादी कुतूहल म्हणून ठेवायचा मोह होतो, पण लहान झाडावर ठेवू नका. त्या महिनोन्‌महिने पोसाव्या लागतात आणि पुढचा बहर हुकतो. दांडा वाळला की बुंध्यापासून अर्धा इंच ठेवून निर्जंतुक कात्रीने कापा.

बिघाड झालाच तर

*शेंडा काळा, ओला, वास येतोय.* उशीर करू नका. सैल पान ओढून काढा, रोप उलटं टांगा, पाणी बंद. कुजका भाग निरोगी हिरवट-पांढरा भाग दिसेपर्यंत कापा आणि जखमेवर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा लेप लावा. तांबंयुक्त बुरशीनाशक कोवळ्या ऑर्किडला भाजू शकतं, ते टाळलेलं बरं. शेंडा गेला तरी मुळं चांगली असतील तर झाड फेकू नका. पाणी निम्मं करून तसंच टांगून ठेवा, बुंध्यातून फुटवा येऊ शकतो.

*पिठ्या ढेकूण, खवले कीड.* कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. पानाच्या बगलेत कापसाची काडी घाला, खरी वस्ती तिथे असते. दर आठवड्याला पुन्हा, निदान महिनाभर. एकदा पुसून सोडून दिलं तर अंड्यांतून पुढची पिढी येतेच.

*मुळांची टोकं रातोरात कुरतडलेली.* गोगलगाय किंवा शेंबडी. पावसाळ्यात रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा आणि उचलून टाका. टोपलीतला कोळसा हा त्यांचा दिवसाचा आसरा. बॅटरीच्या उजेडात काही सापडलं नाही, तर टोपली अर्धा तास पाण्यात बुडवा, वर येतात.

*बुंध्याजवळ फुटवा आला आहे.* त्याला स्वतःची तीन-चार मुळं आणि तेवढीच पानं येईपर्यंत हात लावू नका. नंतरही वेगळं करायलाच हवं असं नाही, जोडझाडाला दांडे जास्त येतात. वेगळं करायचंच असेल तर टप्पा ५ मधली वेळ गाठा, एका कापात तोडा आणि टप्पा ६ पासून पुन्हा सुरू करा.